दहा प्लगइनची यादी का दिली नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागात लिहिलेली आहे, पण कामाची आहे, म्हणून दोन ओळींत न गुंडाळता सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, आणि प्लगइन म्हणजे त्यात जादा सोय आणणारी जोडणी. 'वर्डप्रेससाठी प्लगइन कसं शोधावं' या माझ्या लेखावर भाऊंचं म्हणणं असं, की एवढं लांबलचक लिहून नाव एकही धड सांगितलं नाही. नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानदाराला प्रवचन नको, दहा नावं हवीत. दुसरं, शेवटच्या अपडेटची तारीख बघायला सांगणं फिजूल आहे. तिसरं, लाखो साइटवर चालणारं प्लगइन डोळे मिटून घ्यावं, तेवढी खात्री पुरे. भाऊंनी स्वतः बनवलेली एक साइट 31 प्लगइनवर मजेत चालते आहे. आणि निदान मराठी शीर्षकाच्या लेखांच्या लिंकसाठी कोणतं प्लगइन घ्यायचं तेवढं तरी सांगायचं होतं.

मराठी लिंकपासूनच सुरुवात करते, कारण तिथे माझं म्हणणं सगळ्यात लवकर पटेल. समजा तुम्ही 'नागपुरातल्या उन्हाळ्यात कूलरची काळजी कशी घ्यावी' असा लेख टाकला. वर्डप्रेस शीर्षकावरून लिंक बनवतं, पण देवनागरी तशीच साठवत नाही, टक्क्याच्या चिन्हांत बदलून साठवतं. एकेका अक्षराची, मात्रेची, पाय मोडायच्या खुणेचीसुद्धा 9 चिन्हं होतात आणि लिंकच्या या भागाला मर्यादा आहे 200 चिन्हांची. म्हणजे बाविसेक खुणांत खेळ खलास. मोजून बघा, 'नागपुरातल्या-उन्हाळ्यात' इथपर्यंतच 199 चिन्हं भरतात. कूलर बाहेरच राहिला! उद्या त्याच दोन शब्दांनी सुरू होणारा पन्ह्यावरचा लेख टाकला, तर त्यालाही जवळपास हीच लिंक मिळणार, फक्त मागे 2 लागलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की ती टक्क्यांची माळ दिसते ते वेगळंच.

यावर प्लगइन आहेत. पण प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत लिंकचा रकाना असतो, त्यात रोमन लिपीत तीन-चार शब्द हाताने टाकले की काम झालं. त्यासाठी प्लगइन काहून पाहिजे? 'कोणतं प्लगइन' या प्रश्नाच्या आधी 'प्लगइन लागतं का' हा प्रश्न येतो, आणि यादीत त्याचं उत्तर कधीच नसतं.

आता यादीबद्दल. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन-यादीत, म्हणजे डिरेक्टरीत, 60 हजारांच्या आसपास फुकट प्लगइन आहेत, त्यातून दहा नावं काढायला मला अर्धा तास पुरेल. तशी यादी दिली असती तर काय झालं असतं ते सांगते. गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या साइटवर चौकशीचा फॉर्म होता आणि चौकशा येत नव्हत्या. साइट सांभाळणाऱ्याने निरनिराळ्या याद्या वाचून फॉर्मची तीन प्लगइन बदलली. तिन्ही नामांकित. तिन्हींवर गिऱ्हाइकाला 'संदेश पोचला' असं दिसायचं आणि मेल मात्र व्यापाऱ्याला मिळायचा नाही. मी बघितलं तेव्हा कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हन बसवलेलं होतं, म्हणजे कोणत्याही यादीत पहिल्या पाचांत असणारं. घोळ असा, की मेल 'कोणाकडून' या रकान्यात गिऱ्हाइकाचा स्वतःचा जीमेल पत्ता घातलेला. मेल निघतो होस्टिंगच्या सर्व्हरवरून आणि सांगतो की मी जीमेलवरून आलो. समोरचा मेल सर्व्हर अशा मेलला दारातच अडवतो किंवा स्पॅममध्ये टाकतो. बरं, या चुकीबद्दल ते प्लगइन स्वतःच सेटिंगच्या पानावर इशारा देतं. वाचतो कोण!

पाठवणारा म्हणून दुकानाच्या डोमेनचा पत्ता घातला, गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये, म्हणजे उत्तर कुठे जावं त्या रकान्यात नेला, आणि मेल खऱ्या मेलबॉक्समधून लॉगिन करून जावा म्हणून एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचं, एक प्लगइन लावलं. पण खरं हाती लागलं ते वेगळंच. कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हन आलेले संदेश साठवून ठेवत नाही. मेल गेला नाही तर चौकशी गेलीच. ते बनवणारे ताकायुकी मियोशी यांचंच फ्लेमिंगो नावाचं दुसरं प्लगइन आहे, ते प्रत्येक संदेश साइटच्या डेटाबेसमध्ये जपून ठेवतं. हे नाव मला यादीत मिळालं नव्हतं. प्लगइनच्या पानावर बनवणाऱ्याच्या नावावर क्लिक केलं की त्याची बाकीची प्लगइन दिसतात, तिथे मिळालं. तुमच्या दुकानदारांना मी हीच सवय लावीन. आणि शोधाच्या चौकटीत 'बेस्ट फॉर्म प्लगइन' असं टाकण्यापेक्षा आपली अडचण टाका, 'फॉर्मचे संदेश साठवणे' अशी, इंग्रजीत. डिरेक्टरीतली वर्णनं बहुतेक इंग्रजीतच आहेत, त्याला इलाज नाही.

तारखेचा मुद्दा. तारीख बघा असं मी म्हटलं होतं, तेवढीच बघा असं नव्हे. काही प्लगइन एवढी साधी असतात की वर्षानुवर्षं त्यांत बदलण्यासारखं काही नसतं. वर्डप्रेससोबत येणारं हॅलो डॉली घ्या. उलट ताजी तारीख म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. 2017 सालचं डिस्प्ले विजेट्सचं प्रकरण आठवा. सुमारे 2 लाख साइटवर असलेलं, चांगल्या नावाचं प्लगइन. मूळ मालकाने ते विकलं, आणि नव्या मालकाने अपडेटमधूनच मागचं दार, म्हणजे साइटमध्ये गुपचूप शिरायची वाट, घुसवलं. त्यातून लोकांच्या साइटवर जाहिरातींची पानं उमटायची, आणि गंमत म्हणजे लॉगिन केलेल्याला ती दिसायचीच नाहीत. म्हणजे मालक आपली साइट उघडून बघतोय, सगळं ठीक आहे. गिऱ्हाईक बघतंय तर भलतंच. डिरेक्टरीने ते काढलं, ते परत आलं, पुन्हा काढलं, असं चालत शेवटी त्याच सप्टेंबरात ते कायमचं गेलं. तिथे तारीखही ताजी होती आणि आकडाही मोठा. 2020 च्या सप्टेंबरात फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलं, ते तर 7 लाखांवर साइटवर होतं. तिथे कोणाची नियत वाईट नव्हती, पण हल्ला करणाऱ्यालाही मोठा आकडाच आवडतो ना, भाऊ.

म्हणून माझा भरवसा दुसऱ्याच दोन जागांवर आहे. एक, सपोर्टचा भाग: गेल्या दोन महिन्यांतल्या किती प्रश्नांची तड लागली ते पानावरच लिहिलेलं असतं, आणि उत्तरं कशी दिली आहेत ते आत जाऊन वाचता येतं. दुसरी, एका ताऱ्याचे अभिप्राय. पाच ताऱ्यांत 'छान', 'मस्त' यापलीकडे सहसा काही नसतं. एका ताऱ्यात माणूस पोटतिडकीने काय बिघडलं ते लिहितो. त्यातले निम्मे नुसते चिडलेले असतात, ते सोडा. 'अपडेटनंतर मालक बदलला', 'फुकटातलं अचानक पैशाचं झालं' अशा तक्रारी मात्र नीट वाचा.

टेलिग्रामवर 'प्रो', म्हणजे एरवी पैसे मोजून घ्यायची, प्लगइन फुकट मिळतात असंही तुम्ही लिहिलंय. त्यावर एवढंच: त्या फाइलमध्ये मधल्या माणसाने काय घातलंय ते कळायला मार्ग नाही, आणि अधिकृत अपडेटही येत नाहीत. दुसऱ्याच्या दुकानाच्या साइटवर तर असलं काही टाकूच नका.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात ओझरती आली होती. प्लगइन घेताना ते काढताना काय होईल ते बघून घ्या. तक्ते किंवा फोटोंच्या पट्ट्या दाखवणारी काही प्लगइन लेखात चौकोनी कंसातला कोड टाकतात. प्लगइन बंद केलं की तक्ता जातो आणि तो कंस तेवढा वाचकाला दिसत राहतो. शंभर लेखांतून तो हाताने पुसायचं काम कंटाळवाणं असतं बाप्पा. बऱ्याच प्लगइनच्या पानावर आता आधी बघून घ्यायचं बटण असतं. ते वर्डप्रेस प्लेग्राउंड उघडतं, तुमच्या ब्राउझरातच एक तात्पुरती साइट तयार होते. लावायचं ते तिथे लावा, काढून बघा, टॅब बंद केला की सगळं पुसलं जातं.

राहिली तुमची 31 प्लगइनची साइट. आकड्याला माझा आक्षेप नाही. तीस हलकी प्लगइन चालतील, एक जड असलेलं रडवेल. पण तुम्ही दिलेल्या नावांत कॅशची, म्हणजे साइट लवकर उघडावी म्हणून तयार पानं साठवून ठेवणारी, दोन प्लगइन दिसली. पान साठवणारी अशी प्लगइन साधारणपणे अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश ही एकच फाइल वापरतात, तेव्हा दोघांपैकी एकालाच ती मिळते आणि दुसरं नुसतं बसून राहतं किंवा घोळ घालतं. एक काढा. साइटमॅपचं, म्हणजे गूगलसारख्यांना साइटवरच्या पानांची यादी देणारं, वेगळं प्लगइन आहे. 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून साधा साइटमॅप वर्डप्रेस स्वतःच बनवतं, शिवाय तुमचं एसईओचं (शोधात साइट वर यावी यासाठीचं) प्लगइनही बनवत असणार. चित्रं उशिरा लोड करण्याचं प्लगइनही त्याच आवृत्तीनंतर बहुतेकांना लागत नाही. ही तीन गेली की राहिली 28.

काढण्याआधी बॅकअप घ्या, आणि हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग हे प्लगइन लावा. त्यात एक सोय आहे: सगळी प्लगइन फक्त तुमच्यापुरती बंद होतात, गिऱ्हाइकाला साइट जशीच्या तशी दिसते. मग एकेक चालू करत जा. कुठे अडलं तर कोणतं प्लगइन आणि पडद्यावर काय आलं ते इथेच खाली लिहा, मी बघते.