सहा वेळा फासा टाकला की सहा पडतोच?

सध्या फिरणारा हिशेब असा: फाशावर सहा पडण्याची संभाव्यता १/६, म्हणून सहा वेळा टाकला की एकदा तरी सहा हमखास. पाच वेळा हुकला तर सहाव्यांदा पडायलाच हवा. आणि एवढं डोकं चालवायचं नसेल, तर पडेल किंवा पडणार नाही, म्हणजे ५०-५०.

खरी गोम पहिल्या वाक्यात आहे. १/६ सहा वेळा मिळवले की १ होतात, कबूल. मग सातव्यांदा टाकल्यावर ७/६? खात्रीहूनही जास्त खात्री! बेरीज कुठे फसते ते दोन वेळा फासा टाकूनच कळतं. एकूण जोड्या ३६. पहिल्यांदा सहा आलेल्या ६, दुसऱ्यांदा सहा आलेल्या ६. पण (६, ६) दोन्हीकडे मोजली गेली, म्हणून १२ नव्हे, ११. सहा वेळा टाकताना ही दुबार मोजणी इतकी गुंतते, की हाताने सोडवणं जिवावर येतं.

म्हणून उलटीकडून जायचं. ‘एकदा तरी सहा’ची पूरक घटना ‘एकदाही सहा नाही’. (पुष्कळजण इथे ‘सहाही वेळा सहा’ लिहून मोकळे होतात. पूरक म्हणजे दुसरं टोक नव्हे, उरलेलं सगळं.) दर वेळी सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. दानं एकमेकांपासून स्वतंत्र, म्हणून तिचा सहावा घात: १५६२५/४६६५६, सुमारे ०.३३५. १ मधून वजा केले की ०.६६५. म्हणजे सहा दानांचा एक डाव धरला, तर साधारण तीन डावांतल्या एका डावात सहा तोंडही दाखवत नाही.

या चुकीला मोठी परंपरा आहे. एका फाशाच्या ४ दानांत एकदा तरी सहा, ही पैज फायद्याची. मग दोन फाशांच्या २४ दानांत एकदा तरी सहा-सहाची जोडी, हीही तशीच फायद्याची हवी, कारण ४/६ आणि २४/३६ सारखेच, असं सतराव्या शतकातल्या शेवालिए द मेरे या फ्रेंच उमरावाला वाटे. पहिलीची संभाव्यता ०.५१८, दुसरीची ०.४९१. त्याचा हा गोंधळ गणितज्ञ पास्कलने १६५४ मध्ये दुसरा गणितज्ञ फर्मा याला पत्रातून कळवला.

पाच वेळा हुकल्यावर? ०.६६५ हा आकडा डाव सुरू होण्याआधीचा. पाच दानं पडून गेली, आता उरलं एकच, आणि त्याचे १/६.

राहिलं ५०-५०. पूरक घटनांच्या संभाव्यतांची बेरीज १ होते, त्या समान असतात असं कुणी म्हटलं? ज्याला अजूनही पटत नसेल त्याने माझ्याशी बरोबरीच्या पैशांवर खेळावं. दर डावाला एकच दान: सहा पडला तर तो जिंकला, नाही पडला तर मी.