वेटोळ्याची लांबी

साप पाळणाऱ्याला दोनच प्रश्न विचारले जातात: चावतो का, आणि केवढा होतो? पहिल्याचं उत्तर मी हसून टाळतो. दुसऱ्याला आधी उलटा प्रश्न करावा लागतो, 'नर की मादी?' माझे हाल इथून सुरू होतात.

बॉल पायथन जातीच्या अजगराचा नर साधारण ३ ते ३.५ फुटांवर आटोपतं घेतो, मादी ४ ते ५ फुटांपर्यंत जाते. हॉगनोज सापाचा नर मादीशेजारी तिचं पिल्लूच वाटावा. हिरव्या ॲनाकोंडात तर मादीने नरालाच गिळल्याच्या नोंदी आहेत. संसारात उंचीचा फरक किती असावा, याची ही कमाल मर्यादा समजू. पोट मोठं तर अंडी-पिल्लं जास्त, म्हणून मादी वाढते. पण ज्या जातींत नर एकमेकांशी झोंबतात तिथे मोठ्या नराचंच फावतं. किंगस्नेकचा नर सहसा मादीपेक्षा मोठा, कॉर्न स्नेकचाही किंचित लांब. म्हणजे 'मादी मोठी' हे सूत्र पाठ करून दुकानात गेलेला माणूस निम्मा नापासच.

त्यात अंड्यातून निघालेली पिल्लं सगळी एका मापाची. नर-मादी ठरवायला वंगण लावलेली बारीक, बोथट सळई शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रातून शेपटीच्या टोकाकडे हलकेच सरकवतात आणि ती किती खवल्यांपर्यंत गेली ते मोजतात. बॉल पायथनमध्ये मादीत २ ते ४, नरात ७ किंवा अधिक. नराने स्नायू आवळले की सळई अडते आणि तो 'मादी' ठरतो. उत्साही हाताने जोर लावला की मादीला इजा होते, वर ती 'नर' ठरते. हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावं. नाहीतर बेताच्या पेटीत ठेवलेला 'नर' एक दिवस अंडी घालतो.

आता लांबी. दोरीला साप समजण्याची चूक जुनी आहे. टेप घेऊन बसलं की आपण सापाला दोरी समजतो. ताणून सरळ करू नये, कण्याला इजा होते. पेटीत मऊ फोम घालावा, त्यावर साप, वरून पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा हलकेच दाबावा, पत्र्यावर कण्याच्या मागोमाग मार्करने रेघ काढावी, सापाला मोकळं करावं आणि रेघेवर दोरा फिरवून तो मोजावा. नाकापासून छिद्रापर्यंतचं माप वेगळं लिहावं, कारण नराची शेपटी लांब असते आणि एकूण लांबीत तो उगाच भाव खाऊन जातो. कात मोजून फुशारकी मारणारेही आहेत. कात निघताना ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा बरीच लांब भरते.

माझा भरवसा वजनावर. झाकणाचा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा, साप आत, झाकण घट्ट. जेवणानंतर लगेच तोलू नये, नाहीतर उंदराचंही वजन सापाच्या नावावर चढतं. विणीच्या हंगामात नर जेवण सोडतो, तेव्हाचा आकडा मादीशी ताडून पाहू नये. साप हलला की आकडा नाचतो, म्हणून ३ वेळा तोलून सरासरी काढावी. चौथ्यांदा तोलायला जावं, तर तो डब्यातच शी करतो. मग डबा धुऊन साप पुन्हा तोलला की वजन खरोखरच कमी भरतं.