टिकली, थप्पड आणि ब्रिस्टलचा एक अल्बम

२०२५च्या जुलैत मीरा रोडला मराठीत बोलत नाही म्हणून एका दुकानदाराच्या कानाखाली मारल्याचा व्हिडिओ फिरला. इंग्लंडमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर लगेच ‘बरं झालं, माज उतरला’ असे मेसेज सुरू झाले. लिहिणारे सगळे माझ्यासारखेच व्हिसावर आलेले, काहींनी तर आता इथला पासपोर्टही घेतलेला. मला ते वाचवेना.

मी राहते त्या ब्रिस्टलमध्ये आयडल्स नावाचा रॉक बँड आहे. त्यांचा ‘जॉय अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅक्ट ऑफ रेझिस्टन्स’ हा दुसरा अल्बम २०१८च्या ऑगस्टअखेर आला. ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा का, या ब्रेक्झिटच्या मतदानाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि बाहेरून आलेल्यांचा मुद्दा त्यात गाजला होता. गिटार-ड्रम्सचा नुसता दणदणाट, गायक जो टॅलबट घसा फोडून ओरडतो. पण ओरडतो ते मित्राच्या प्रेमापोटी. ‘डॅनी नेडेल्को’ हे गाणं त्याच्या त्याच नावाच्या मित्रावर आहे. तो जन्माने युक्रेनचा, इथल्याच दुसऱ्या एका बँडचा गायक. गाण्यात तीन लेकरांची नायजेरियन आई येते, आफ्रिकेतून आलेला ब्रिटिश धावपटू मो फाराह येतो आणि ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीही. म्हणजे झांझिबारला जन्मलेला पारशी फरोख बलसारा, जो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि ज्याने पहिला बँड तिथेच काढला. भीतीतून घबराट, त्यातून वेदना, मग राग आणि शेवटी द्वेष, अशी साखळीच या गाण्याच्या ध्रुवपदात आहे.

मला हा अल्बम मोठा वाटतो तो त्याच्या बाकीच्या गाण्यांमुळे. एकात ‘पुरुषासारखा वाग, रडू नकोस’ हे मुलांच्या मनावर कसं ठसवतात ते आहे. एकात टॅलबटची मृत जन्मलेली मुलगी आहे. ज्या घरात बाप्याला रडायची सोय नाही, त्याच घरातला राग उद्या बाहेरून आलेल्यावर निघतो, हे तो भाषण न देता दाखवतो.

महाराष्ट्रातली भीती निराधार आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. मराठी शाळा बंद पडताहेत. पहिलीपासून हिंदीच्या शासननिर्णयावर लोक चिडले, सरकारला २९ जून २०२५ रोजी तो मागे घ्यावा लागला, आणि ते चिडणं योग्यच होतं. राज्याने आपल्या भाषेचा आग्रह धरण्यात गैर काहीच नाही. व्हिसासाठी मीही इंग्रजीची परीक्षा दिली, त्यात मला अपमान वाटला नाही. पण ती कायद्याने घेतली, तयारीला वेळ देऊन. रस्त्यात अडवून, कॅमेरा रोखून कुणी माझं इंग्रजी तपासलं नाही.

तशी भीती मी इथे अनुभवली २०२४च्या ऑगस्टमध्ये. जुलैअखेर साउथपोर्टला लहान मुलींची हत्या झाली होती, हल्लेखोर निर्वासित असल्याच्या खोट्या अफवा पसरल्या आणि देशभर दंगली उसळल्या. ३ ऑगस्टला ब्रिस्टलमध्ये निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला. इथलेच लोक हातात हात गुंफून दारापुढे उभे राहिले. आतल्यांना इंग्रजी येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. त्या आठवड्यात ऑफिसला जाताना मी टिकली काढून पर्समध्ये ठेवली. बसमध्ये आईचा फोन आला तो घेतला नाही, कारण मराठीत बोलावं लागलं असतं.

मीरा रोडच्या त्या दुकानदाराच्या घरीही कुणीतरी तेव्हा असाच फोन टाळला असेल. ग्रुपवर मी हे लिहिलं. गावाकडच्या मराठी शाळेसाठी वर्गणी काढा, पहिले पैसे माझे, हेही लिहिलं. त्या व्हिडिओखाली अंगठा मात्र मी देणार नाही, आणि ज्यांनी दिलाय त्यांनी तो काढावा, एवढं माझं मागणं आहे.