माझ्या पोराच्या वर्गात डॉक्टरचा पोरगा कुठाय?

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्र तापला, तेव्हा आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही तापला. २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला आणि गाडी मराठी शाळा वाचवण्यावर आली. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्यांनी हिरिरीने लिहिलं. गावीच राहिलेला, वायरमनची नोकरी करणारा आमचा एक मित्र मात्र एकच ओळ टाकून गेला: ‘माझ्या पोराच्या वर्गात डॉक्टरचा पोरगा कुठाय?’

त्यावर कुणीच काही बोललं नाही. म्युनिकमध्ये बसून मला तीच ओळ त्या अख्ख्या वादातली सर्वांत महत्त्वाची वाटते.

आमच्या वर्गात डॉक्टरचा पोरगा होता. सातारा जिल्ह्यातली रयतची शाळा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मुलगा, गुरुजींची मुलगी, ऊसतोडीच्या मुकादमाचा मुलगा, भांगलणीला जाणाऱ्या मावशींचा मुलगा, सगळे एका वर्गात. गावात दुसरं हायस्कूलच नव्हतं. हा वायरमन माझ्या बाकावर. दहावीला विज्ञानाचं गाईड दोघांत एकच, म्हणून ते मधोमध फाडलं. पुढचे धडे त्याच्याकडे, मागचे माझ्याकडे, आणि रात्रीच्या अभ्यासिकेत अदलाबदल. पुढे तो आयटीआयला गेला, मी इंजिनिअरिंगला. तरी मध्यरात्री वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा आईने पहिला फोन त्याला केला. त्याने गाडी काढली, वाटेतूनच ‘डॉक्टरच्या पोराला’ उठवलं. तो आता स्वतः हृदयरोगतज्ज्ञ आहे. पहाटे आयसीयूबाहेरून दोघांनी मला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा वायरमन त्याला म्हणत होता, ‘लेका, आधी चहा घे, तोंड बघ तुझं.’

ही मैत्री आमच्या मनाच्या मोठेपणातून आली असं मी मानत नाही. ती शाळेने घडवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. ती पंगत आपोआप बसली नव्हती.

इथे बव्हेरियात सरकारी प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे माझ्या मुलीच्या वर्गात वकिलाची मुलगीही होती आणि कचरागाडीवर काम करणाऱ्याचा मुलगाही. पण चौथीच्या मे महिन्यात प्रगतिपुस्तक हाती येतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल (इथे १ म्हणजे सर्वोत्तम) तर गिमनाझियम (विद्यापीठाच्या वाटेची शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूले (मधली), उरलेल्यांना मिटेलशूले (कामधंद्याच्या शिक्षणाच्या वाटेची). दहाव्या वर्षी ताटातूट! माझ्या जर्मन सहकाऱ्याच्या शाळासोबत्यांत एकही प्लंबर नाही. प्लंबरला इथे मान आहे, पैसाही चांगला मिळतो, हे खरं. पण रात्री-अपरात्री हक्काने उठवावा असा तो याचा दोस्त नाही.

मला ही पद्धत पटत नाही. तरी चार वर्षं तरी पोरं एकत्र असतात. आपल्याकडे फी भरण्याच्या ऐपतीवर नर्सरीतच वाटा वेगळ्या होतात. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा गरिबांच्या मुलांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट देऊन टाकली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आपल्या वर्गाच्या मुळावरच आलेली गोष्ट होती ही, आणि आमच्या ग्रुपवर तेव्हा एक अक्षर नाही.

मराठी शाळा टिकली पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांना दुसरा इलाज नाही अशांचीच मुलं तिथे उरली, तर भाषा वाचेल आणि वर्ग जाईल. म्हणून माझ्या वर्गमित्रांना सांगणं आहे: चौथीपर्यंतची शाळा पत्त्यावरून ठरवा, आमदाराचं, डॉक्टरचं, वायरमनचं पोर एकाच बाकावर बसू दे, अशी मागणी आपण लावून धरू. तिच्यासाठी मोर्चा निघाला तर मी रजा टाकून येईन.