वॉटरमार्क

जॉब कार्डावर त्या पोरानं लिहिलंय : ‘कस्टमर मिसयूज. फिल्टर ओला.’ खाली माझी सही आहे. आज तिसरा दिवस. अजूनही रात्री कूस बदलताना ते मला आठवतं आणि मी उठून पाणी पिते.

झालं एवढंच, की दीड वर्षापूर्वी घेतलेला आमचा बिनबॅगेचा व्हॅक्यूम क्लीनर गेल्या आठवड्यात घरघरायचं सोडून रडायला लागला, तापला आणि बसला. वॉरंटी दोन वर्षांची. म्हणून मी त्याला रिक्षात मांडीवर घेऊन पाथर्डी फाट्यावरून कॅनडा कॉर्नरजवळच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. तळघर, नऊ खुर्च्या, एक पंखा. पंख्याचं तोंड काउंटरच्या आत. माझं टोकन सत्तावीस.

सव्वीस नंबर म्हणजे शेजारी बसलेले एक काका. मांडीवर चादरीत बांधलेलं गाठोडं. मला आधी वाटलं, डग्गा असेल. त्यांनी गाठ सोडली, तर आत लाल रंगाचा, डब्याएवढा, बॅगवाला क्लीनर.

“त्र्याण्णव सालची खरेदी,” काका म्हणाले. “मुलगी तेव्हा बालवाडीत होती. आता तिची मुलगी बालवाडीत आहे. मोटर तीच.”

मी हसले. नको होतं हसायला. ज्यांना बोलायचं असतं त्यांना तेवढं पुरतं.

“तुमचं हे?” त्यांनी माझ्या मशीनच्या पारदर्शक डब्याकडे पाहिलं. “यात तर सगळं दिसतं!”

“बॅगलेस आहे, काका.”

“म्हणजे केर उघड्यावर.”

आता हे खरंच आहे. त्या डब्यावर ‘मॅक्स’ अशी रेघ असते आणि तिच्यापर्यंत केर आला की डबा रिकामा करायचा असतो. आमच्याकडे नाशिकमध्ये गोदावरीचा पूर जसा नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात तसं आमच्या घरी त्या डब्याचं चालतं. “आई, कमरेपर्यंत आलंय.” “असू दे.” “आई, गळ्यापर्यंत आलंय.” “अजून डोक्यावरून गेलं नाही ना?” मग एके दिवशी डोक्यावरून जातं, मी गॅलरीत जाऊन डबा उघडते, आणि आठवडाभर गोळा केलेलं सगळं वाऱ्याबरोबर परत घरात येतं. त्यातलं अर्धं माझ्या केसांत. बॅगवाल्यात निदान बॅग काढली, तोंड बंद केलं, कचऱ्याच्या गाडीत टाकली, विषय संपला.

काकांनी विचारलं, “उघडू का?” आणि उत्तराची वाट न पाहता डबा उघडला. चिमूटभर धूळ अंगठा नि तर्जनीत घेतली, रव्याचा जाडबारीकपणा बघावा तशी चोळली. मला क्षणभर वाटलं, चव घेतात की काय.

“सिमेंट,” ते म्हणाले. “शेजारी बांधकाम?”

“समोर. डावीकडे पण. आणि रस्ता.”

“रस्ता तर सगळ्यांचाच.”

रस्ता सगळ्यांचाच. सिंहस्थ २०२७ ला आहे, त्यामुळे सध्या ज्याच्या हाती कुदळ आहे तो नाशिक खणतोय. एकदा पाइपसाठी, एकदा केबलसाठी, एकदा आधीचं नीट बुजवलं नाही म्हणून. त्यातली अर्धी माती आमच्या दिवाणाखाली असते. तिच्यासाठी मी कर भरते, मशीन घेते, फिल्टर धुते, आणि शेवटी मिसयूज माझा. असो. आवाज चढतोय माझा.

काकांनी मग माझी तोंडी परीक्षा घेतली.

“मोटर थंड कशानं राहते?”

“पंख्यानं?”

“हवेनं! मशीन जी हवा ओढतं तिच्यानंच. फिल्टर चोंदला की हवा अडली. हवा अडली की मोटर तापली. आता सांगा, फिल्टर चोंदतो कशानं?”

“धुळीनं.”

“बारीक धुळीनं. पिठाच्या गिरणीत गेलात ना, पीठ डब्यात पडतं, पण भुकटी कुठं बसते? गिरणीवाल्याच्या भुवयांवर. तुमच्या मशीनमध्ये हवा गरागरा फिरते, केस, खडे, शेवेचे तुकडे कडेला फेकले जातात. पण सिमेंट हवेबरोबर उडत पुढं जातं. फिल्टर म्हणजे गिरणीवाल्याच्या भुवया! माझ्यात बॅग हाच पहिला फिल्टर. ती भरली की ओढ कमी होते, बदलून टाकायची. मोटरपर्यंत जातंय कोण?”

इतकं चांगलं मला विकणाऱ्यानंही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता, “मॅडम, बॅगेचा खर्चच नाही.” खर्च नाही हे खरं. पण बॅग काढली म्हणून बॅगेचं काम संपत नाही, ते घरात कोणाच्या तरी वाट्याला येतं. आमच्या घरात कोणाच्या, ते सांगायला नको. मॅन्युअलमध्ये लिहिलंय : फिल्टर महिन्यातून एकदा पाण्याखाली धुवा, चोवीस तास वाळवा, पूर्ण कोरडा झाल्याशिवाय बसवू नका. श्रावणात? आमच्या गॅलरीत श्रावणात हातरुमाल तीन दिवस वाळत नाही. हा तर घड्या घड्यांचा फिल्टर, प्रत्येक घडीत पाणी. मी तो दोरीवर टांगला, पंख्याखाली ठेवला, फ्रिजच्या मागे सारला. शेवटी हेअर ड्रायर मारला. हेअर ड्रायर मारू नका हेही मॅन्युअलमध्ये आहे, पण सतराव्या पानावर. घड्या एका बाजूनं तळलेल्या पापडासारख्या वाकल्या.

त्या रात्री घरी आल्यावर मी चिडून मोबाइलवर वाचत बसले. १९०१ मध्ये बूथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून त्यातून तोंडानं हवा ओढली, आणि रुमालाच्या दुसऱ्या बाजूला धूळ चिकटलेली पाहून त्याला कळलं की आपली कल्पना चालणार. म्हणजे जगातली पहिली डस्ट बॅग हातरुमाल. त्याचं मशीन घोडागाडीवर यायचं आणि खिडकीतून नळ्या आत सोडायचे. पुढे डायसन नावाच्या दुसऱ्या इंग्रजानं लाकडाच्या वखारीतला भुसा ओढणारा शंकू पाहिला आणि बॅग काढून टाकायचं ठरवलं. त्यासाठी म्हणे ५,१२७ नमुने केले. केले असतील. त्यातला एखादा फिल्टर पाथर्डी फाट्यावर ऑगस्टमध्ये वाळवून बघायचा होता.

पण ते रात्रीचं. इथं तळघरात तेवढ्यात हाक आली, “सव्वीस!”

काका उठले. पोरानं लाल डबा प्लगला लावला आणि बटण दाबलं. आवाज खरंच सुरेख होता, जात्यासारखा संथ. आणि त्याच क्षणी मशीनच्या मागच्या जाळीतून करड्या धुळीचा लोट निघाला. नऊच्या नऊ खुर्च्या खोकायला लागल्या. एका बाईंनी पदर नाकाला लावला.

“काका, आत बॅग कसली घातलीय?”

“मांजरपाट. कंपनीच्या कागदी बॅगा यायच्या बंद झाल्या. बारा वर्षं झाली. हिनं शिवल्या.”

“मांजरपाटातून बारीक धूळ आरपार जाते. हे मशीन धूळ ओढत नाही, नुसती जागा बदलतं.”

“पण मोटर ऐक! मोटर ऐक ना!” काकांना फक्त मोटरचे कार्बन ब्रश बदलून हवे होते, दर दोन-तीन वर्षांनी बदलतात तसे. खोकत खोकत ते परत माझ्या शेजारी बसले. “बघितलंत? बत्तीस वर्षं.”

म्हणजे बघा. त्यांचं मशीन अमर आहे आणि साफ काही करत नाही. माझं साफ करतं आणि अठरा महिन्यांत आडवं झालं. मला आता कोणी विचारलं, तर मी सांगेन बॅगवालंच घ्या, पण मशीनची किंमत विचारायच्या आधी बॅगांच्या पाकिटाची विचारा, आणि दुकानात आत्ता किती पाकिटं आहेत ते मोजून या. विचारत कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.

“सत्तावीस!”

पोरानं माझा फिल्टर काढला, टिश्यू पेपरवर ठेवला, अंगठ्यानं दाबला. टिश्यूवर पैशाएवढा ओला डाग.

“काकू, फिल्टर ओला आहे.”

काकू! स्वतः तिशीचा घोडा.

“चार दिवस वाळवलाय मी.”

“मोटरमध्ये ओल गेलीय. वॉरंटीत बसणार नाही. घरी साहेबांना मॅन्युअल वाचायला सांगा.”

आमच्या साहेबांना व्हॅक्यूम क्लीनर कुठल्या कपाटात असतो हे माहीत नाही. मॅन्युअल मी वाचलंय. सतराव्या पानापर्यंत वाचलंय. हे सगळं मला त्याला सुनवायचं होतं, पण रागात माझा घसा दाटून येतो आणि लोकांना वाटतं बाई रडतेय, म्हणून मी गप्प राहिले.

तेवढ्यात काका न बोलावता काउंटरवर आले. “आण इकडं.” त्यांनी फिल्टर हातात घेतला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. एक डोळा मिटला. हळूहळू फिरवला. पोरगा थांबला, खुर्च्या थांबल्या. “मी चौतीस वर्षं प्रेसमध्ये होतो,” ते म्हणाले. नाशिकमध्ये प्रेस म्हटलं की नोटांचीच, त्यामुळे पोरगाही थोडा सरळ झाला.

“आहे,” काका म्हणाले. “वॉटरमार्क आहे.”

मग फिल्टर खाली ठेवून ते पोराकडे वळले. “पण मला सांग, बॅग तुम्ही काढलीत. पावसाळा या ताईंनी आणला का? जिथं कपडे वाळत नाहीत तिथं धुवायचा फिल्टर विकायचाच कशाला?” मागून कोणीतरी “बरोबर आहे” म्हणालं. पदरवाल्या बाईंनी मान डोलावली. मला त्या क्षणी काका देवासारखे वाटले.

पोरानं शांतपणे पावती फाडली. नवा फिल्टर साडेआठशे, सर्व्हिस चार्ज वेगळा, फिल्टर सध्या स्टॉकमध्ये नाही, पंधरा दिवसांनी फोन करा. जॉब कार्ड पुढं सरकवलं. “इथं सही.”

मी सहीच्या जागी ‘मान्य नाही’ असं लिहायला घेतलं.

“मॅडम, तिथं फक्त सही चालते. नाहीतर मशीन आत घेता येत नाही.”

केली सही. पेन ठेवणार, तेवढ्यात काकांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि माझ्या नावाखाली वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे ‘साक्षीदार’.

“थँक्यू, काका,” मी म्हणाले. “पण साक्ष कशाची?”

“फिल्टर ओला होता याची,” काका म्हणाले. “खोटं कसं लिहिणार, ताई?”