दादरला उतरलेला क्लचर

कालपासून मी चिडलेय आणि कशावर ते सांगितलं की लोक हसतात, त्यामुळे आता लिहूनच काढते. माझा केसांना लावायचा क्लचर गेला. हरवला नाही, तुटला नाही, चोरीला गेला असंही धड म्हणता येत नाही. एक मावशी माझ्या डोळ्यांदेखत तो गवारीच्या पिशवीला लावून दादरला उतरल्या.

बाकी माहिती पटकन सांगते. मुलुंड, जुलै महिना, केस कंबरेपर्यंत, सोसायटीचं पाणी सकाळी सहाला. केस धुतले की ते वाळायच्या आत घर सोडावं लागतं, म्हणून ओलेच पिळायचे, गुंडाळायचे, वर क्लचर मारायचा आणि पळायचं. यात मी एकटी नाहीये हं. सकाळच्या लेडीज डब्यात चढून बघा, शांपू, मोगरा आणि कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी असा एक ओला वास भरलेला असतो.

घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या आणि मला चौथी सीट मिळाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चौथी सीट म्हणजे तिघींच्या बाकावर चौथीने अर्ध्या कुल्ल्यावर टेकायचं, पाय बाहेर पॅसेजमध्ये आणि पाठ तिसरीकडे. म्हणजे माझा आंबाडा बरोबर तिसरीच्या नाकासमोर. तिसऱ्या सीटवर मावशी होत्या, मांडीवर पेपर, पेपरवर गवार, नखाने देठ काढणं चालू.

"ए बाई, पाणी गळतंय."

मी वर बघितलं. पावसाळ्यात डब्याचं छत गळतं, त्यात नवीन काय.

"वर काय बघतेस? तुझं गळतंय. माझी गवार भिजली."

मी सॉरी म्हणून जरा पुढे सरकले. पुढे सरकायला चौथ्या सीटवर जागा असते असं वाटत असेल तर तुम्ही कधी चौथ्या सीटवर बसला नाहीत. तेवढ्यात मागून खट्ट आवाज आला आणि माझे सगळे केस पाठीवर पडले. बाईने क्लचर काढला! न विचारता! मी वळून बघते तर मावशी क्लचरच्या दातांत अडकलेला एक केस ओढून काढून खिडकीच्या उजेडात धरतायत, आपण नोट खरी की खोटी बघतो ना, अगदी तसं.

"हा बघ. याला मूळ नाही."

"काय?"

"मुळासकट गळला की टोकाला पांढरा ठिपका असतो. दिवसाला पन्नास-शंभर तसे जातात, ते सगळ्यांचेच जातात, त्याचं काही नाही. हा मधेच तुटलाय. तुझे केस गळत नाहीयेत गं, तू तोडतेयस."

हे त्या जितक्या मोठ्याने बोलल्या तितक्या मोठ्याने पुढचं स्टेशनसुद्धा कोणी सांगत नाही. खिडकीतल्या बाईने इअरफोन काढले. समोरच्या काकूंनी चष्मा लावला आणि हात पुढे केला, "बघू." माझा केस काकूंकडे गेला, काकूंकडून त्यांच्या शेजारणीकडे. तिनेही मान हलवली. "नाही हो, मूळ नाहीच."

मी विचारलं, "तुम्ही पार्लरमध्ये असता का?"

"छे, बँकेत. लॉकरला असते."

हे वाक्य लक्षात ठेवा. लोकांच्या वस्तू सांभाळण्याचा या बाईंना पगार मिळतो.

मग त्यांनी माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला बोट टेकवलं. "इथे हात लाव. आखूड केस उभे राहिलेत की नाही? रोज एकाच जागी लावतेस. ओला केस म्हणजे भिजलेला पापड, उचलला की ताणतो आणि ओढला की फाटतो. त्यावर तू हा जबडा मारतेस, त्यात दोन तास गाडीत धक्के."

"दोन तास नाही, मुलुंडपासूनच."

"मी अंबरनाथपासून येते, मला विचार."

आता चीड कसली ते सांगते. मी तिथेच फोनवर बघितलं, मावशींना खोटं पाडायला, आणि बाई एकूण एक बरोबर. केसात केराटिनच्या साखळ्या असतात, त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात, म्हणून ओला केस जास्त ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. मूळ लांबीच्या साधारण ३० टक्के ताणला तर परत येतो, त्याच्यापुढे गेला की त्याची कायमची वाट लागते. आणि वाळताना ते बंध जसे केस ठेवलेत तसेच परत जुळतात, त्यामुळेच संध्याकाळी क्लचर काढला तरी मागे तो आडवा वळ तसाच राहतो. मला वाटायचं माझे केसच हट्टी.

तर मावशींचे नियम असे की केस पिळायचे नाहीत, झटकायचे तर अजिबातच नाहीत, पंच्याने नाहीतर जुन्या टीशर्टने दाबून दाबून टिपायचे, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत जायचं, बांधायचेच असतील तर सैल वेणी आणि कापडी रबर, भाजीच्या जुडीचा रबर लावलास तर माझ्यासमोर येऊ नकोस, आंबाडाच हवा असेल तर केसांचे दोन आकडे लाव, रोज जागा बदल, आणि धुवायच्या आदल्या रात्री खोबरेल.

खोबरेलाचंही खरं निघालं. २००३ मध्ये इथल्याच, मुंबईतल्या मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल शेजारी शेजारी तपासलं होतं आणि केसातलं प्रोटीन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीला खोबरेलच चांगलं दिसलं म्हणून मी भुवई उडवली, पण शोधनिबंध रीतसर छापून आलेला आहे आणि आजी तर कंपनीच्याही आधीपासून तेच सांगत होती.

"सगळ्यात चांगलं म्हणजे रात्री धू," मावशी म्हणाल्या.

"रात्री पाणी नसतं."

"बादली भरून ठेवायची."

"पण ओल्या केसांनी झोपलं तर उशीवर घासून तुटतील ना?"

मावशींनी गवारीची एक शेंग मोडली. "मग उशिरा झोप."

इथे माझं हसू संपलं. कारण कुणालाही विचारा, रीलवाली असो, पार्लरवाली असो की लॉकरवाली, सगळ्यांचा सल्ला शेवटी तिथेच येतो की केस वाऱ्यावर नैसर्गिकरीत्या वाळू द्या. कुठला वारा? जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते, आमच्याकडे दोरीवरची जीन्स तीन दिवस वाळत नाही आणि माझे केस तासाभरात वाळणार? आणि तो तास आणायचा कुठून, डबे कोण भरणार? ड्रायर मारावा तर चिंब ओल्या केसांवर गरम हवाही वाईटच. माझा नवरा आंघोळ करतो, टॉवेल दोनदा फिरवतो, संपलं. जेंट्स डब्यात त्याचा केस उजेडात धरून कोणी विचारत नाही की मूळ कुठंय. मी केस बांधले तर तोडतेस, मोकळे सोडले तर घरी "कातरवेळी काय केस सोडून फिरतेस" आणि ऑफिसात "आज डोकं धुतलं वाटतं?" हो धुतलं, मग? तुम्ही नाही का धूत? १९९२ साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, बायकांना अख्खी गाडी मिळाली, फार चांगलं झालं, पण त्या गाडीत बसायला घरातून निघायची वेळ काही कोणी पुढे ढकलून दिली नाही.

हे सगळं मला मावशींना सुनवायचं होतं. पण कुर्ला गेलं आणि दादरच्या बायका उठायला लागल्या. मावशींनी पेपर उचलला तर तो माझ्याच पाण्याने भिजलेला, मधोमध फाटला, निम्मी गवार सीटवर. सगळ्यांनी मिळून ती गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, पिशवीचा एक बंद आधीच तुटलेला, आणि मावशींच्या हातात काय होतं? त्यांनी पिशवीचं तोंड पिळलं, गुंडाळलं आणि वर क्लचर मारला. मी सकाळी मारते तसाच, घट्ट.

"मावशी, क्लचर!" मी ओरडले.

गर्दीतून, दारातून, जवळजवळ प्लॅटफॉर्मवरून आवाज आला, "हो हो, आता लावूच नकोस, सांगितलं ना!"

समोरच्या काकू म्हणाल्या, "किती मायेने सांगितलं हो."

माया? दीडशे रुपयांचा क्लचर होता तो! बोथट दातांचा, कडेला प्लास्टिकची ती धारदार रेघ नसलेला. स्वस्तातल्या क्लचरला ती रेघ असते, केस तिथेच अडकतो आणि तुटतो, म्हणून दुकानात प्रत्येक दातावर बोट फिरवून मी तो निवडला होता. आता त्याच्यात गवार सुरक्षित आहे. सीएसएमटीपासून फोर्टमधल्या ऑफिसपर्यंत मी मोकळ्या केसांनी, भर पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात केस धरून चालत गेले, आणि लिफ्टमध्ये साहेबांनी विचारलंच, "आज काय विशेष?"

परतीच्या गाडीत क्लचरवाली आली, हँगरला पन्नासेक लटकवलेले. सत्तरला दोन. मी एक काढून दातांवर बोट फिरवायला लागले तर तिने माझ्या केसांकडे बघितलं, जे तेव्हाही अर्धे ओलेच होते, आणि क्लचर माझ्या हातातून काढून घेतला.

"गीला बाल में मत लगाना मॅडम."

म्हटलं झालं, हिलाही माझ्या केसांची काळजी.

"क्लचर का दात टूटता है. फिर वापस नहीं लूंगी."