पाचवा पेशंट

जुलै २०२५मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा मामांनी फोनवर विचारलं, "अगं, सिस्टरच निघून गेल्या तर पेशंटनी कुणाकडे बघायचं? सेवेचं काम ना हे?" मामांनी मनापासून विचारलं होतं. त्यांचं ऑपरेशन झालं त्या रात्री सारखी येऊन बघून जाणारी सिस्टर त्यांना अजून आठवते.

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी तीन वर्षं काढली. नाइटला बत्तीस पेशंट आणि आम्ही दोघी. बाथरूमला जायला वेळ मिळणार नाही म्हणून पाणीच प्यायचे नाही. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही, या बॉण्डपोटी मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात अडकलेली. पण खरा त्रास घरी आल्यावर व्हायचा. अकरा नंबरच्या पेशंटचं इंजेक्शन दिलं ना आपण? या एका प्रश्नाने झोप उडायची.

इथे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या जनरल वॉर्डात दिवसा चार पेशंटमागे एक नर्स असते, रात्री आठांमागे एक. २०००मध्ये नर्सेसच्या संघटनेने हे भांडून मिळवलं आणि २०१५मध्ये त्याचा कायदा झाला. मेलबर्नमधल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात पाचवा पेशंट यायचा होता. सवयीने मी म्हणाले, "मी बघते ना." इन्चार्ज म्हणाली, "नाही, तू बघायचं नाहीस," आणि फोन करून तिने आणखी एक नर्स मागवली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. नर्सवर एकेक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स मनाने पार थकून जाण्याची २३ टक्क्यांनी.

इथेही शिव्या ऐकाव्या लागतात, गोंधळलेले पेशंट हात उगारतात. पुण्यात पहाटे चारला मावशी चहा आणायच्या आणि आम्ही एका डब्यात जेवायचो. इथला अर्ध्या तासाचा ब्रेक हक्काचा आहे, पण तो मी एकटीच घेते.

१९७३मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा त्या तळघरात कपडे बदलत होत्या. त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढे २०१५मध्ये त्या जाईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांनी त्यांना जपलं. त्या सेवेपुढे मीही हात जोडते. पण कपडे बदलायला धड खोली का नव्हती, हे आपण कितीदा विचारलं? २०२४मध्ये कोलकात्यात डॉक्टर मुलीचा खून झाल्यावर कॅमेऱ्यांची आणि सुरक्षारक्षकांची चर्चा झाली. ती हवीच होती. एका पाळीत किती पेशंटमागे किती माणसं, हा विषय मात्र मागेच राहिला.

मामा, माझ्या इन्चार्जला "नाही" म्हणता आलं, कारण तिच्या पाठीशी कायदा आहे आणि तिची नोकरी पक्की आहे. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची मुलगी तेहेतिसावा पेशंट कसा नाकारणार? तुमच्या त्या सिस्टरकडे त्या रात्री आणखी किती पेशंट होते, ते आपण तिला विचारलंच नाही.